पिलांवरची मरळ

आमच्या नांदगाव खंडेश्वरात श्रावण लागला की माझा गळ खुंटीला जातो. एरवी सिंभोऱ्याला, अप्पर वर्धाच्या काठी, मोठ्या मरळीची हाव असते. जलाशयातली मासेमारी बहुधा सहकारी संस्थेच्या ठेक्यात. हौशी माणसानं विचारूनच बसावं. पण माशाची परवानगी कोण देणार?

एका आषाढात पाण्यावर तांबूस पिलांचा घोळका वळवळताना दिसला. खाली मरळ राखणीला. शतपथ ब्राह्मणात मनूच्या हातातलं पिलू म्हणतं, मोठे मासे लहानांना गिळतात, मला वाचव. तोच मात्स्यन्याय. इथं तर मोठाच लहानांना राखत होता. गिळायला निघालो होतो मी.

ठेका पाण्याचा मिळतो, दयेचा नाही. गळवाल्यांनो, पिलांवरची मरळ सोडा.