शोकाची मुळाक्षरे

धाकटा भाऊ गेला, त्या वर्षी मी ‘विलापगीत’ वाचावयास घेतले. सुमारे इ. स. पूर्व ५८६ मध्ये बाबिलोनच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले. त्या नगरीसाठी केलेला हा ५ गीतांचा आक्रोश. हिब्रू मला येत नाही. मराठी भाषांतराशेजारी मूळ प्रत आणि मुळाक्षरांचा तक्ता ठेवून, उजवीकडून डावीकडे, नुसती अक्षरे लावीत बसलो आणि चकित झालो. पहिल्या ४ गीतांतील कडवी आलेफपासून तावपर्यंत, २२ अक्षरांच्या जवळजवळ नेमक्या क्रमाने सुरू होतात!

प्रथम मला ते रुचले नाही. ज्याचे घर जळाले, तो का अक्षरे मोजीत रडतो? हा शोक खरा कसा मानावा?

मग हळूहळू उमगले. दुःखाला शेवट नसतो, मुळाक्षरांना असतो. आलेफशी फुटलेला हुंदका तावाशी क्षणभर तरी विसावतो. पाचव्या गीतात तो क्रमही सुटला आहे. ओव्या मात्र २२च. शिस्त गेली, माप उरले.

वाचकहो, दुसऱ्याचे दुःख आपल्याला काढून घेता येत नाही. त्याला काठ तेवढा देता येतो. भावाचे दिवस झाल्यावर मी वर्गात गेलो आणि फळ्यावर ‘अ’ काढला. हात थरथरत होता. पण ‘ज्ञ’पर्यंत पोचलो.