हंडा आणि बाड

गेवराई तालुक्यातल्या उमापुरात माळवदाच्या एका घरात दोघे भाऊ राहत. आईचं वर्षश्राद्ध झालं आणि वाटणी निघाली. शेत वाटलं, घर वाटलं. उरली कोठीतली अडगळ: तांब्याचा मोठा हंडा, मोराचा अडकित्ता, चिंधीत बांधलेली नाणी आणि मोडी कागदांचं बाड.

थोरला म्हणाला, “भांडी-नाणी मी घेतो, कागद तुला.” धाकट्यानं मान डोलावली.

थोरल्याला मोल करून घ्यायची घाई होती. हंडा त्यानं गेवराईच्या बाजारात मोडीत घातला. तांब्याचा भाव, किलोवर पैसे. नाणी मात्र जुनी दिसत होती. ती चिंच-मीठ लावून लख्ख घासली आणि तो शहरातल्या जाणकाराकडे गेला.

जाणकारानं भिंग लावलं. “ही शिवराई. एका अंगाला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगाला ‘छत्रपति’ अशी अक्षरं असतात. शिवराया पुष्कळ सापडतात, म्हणून अक्षरं किती राहिली आणि तांब्यावरचा जुना काळसर थर शाबूत आहे का, ते बघून किंमत ठरते. तुम्ही थर काढलात, त्याच्याबरोबर अक्षरंही झिजली. आता हिचं फार येणार नाही.”

इकडे धाकटा बाड घेऊन मोडी वाचणाऱ्या एका वृद्ध गुरुजींकडे गेला. गुरुजी वाचता वाचता थांबले. फसली १३०९ ची नोंद होती, म्हणजे इसवी सन १८९९-१९००, मोठ्या दुष्काळाचं साल. घरातल्या बाईनं तांब्याच्या हंड्यात कण्या शिजवून वेशीत रोज वाटल्या, असं त्यात लिहिलं होतं. हंडा कुणी घडवला, काठावर कोणतं नाव कोरलं, तेही होतं. खाली अडकित्त्याची नोंद होती: कोणत्या लग्नात, कुणी दिला.

“हंडा कुठाय रे बाळा?” गुरुजींनी विचारलं.

दोघे भाऊ गेवराईला धावले. मोडवाला म्हणाला, “तो माल कवाच भट्टीला गेला.”

दोघे हात हलवत गुरुजींकडे परतले. थोरला मटकन खाली बसला. “गुरुजी, आता कागदाचं तरी काही येईल का?”

गुरुजी म्हणाले, “दुष्काळाचा कागद अभ्यासकाला हवाच असतो. पण हंडा सोबत असता तर दोन्हींचं मोल वाढलं असतं. पुण्याला दिनकर केळकरांनी अशाच घरगुती वस्तू जमवल्या: दिवे, दौती, अडकित्ते. १९७५ साली तो संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाला दिला. आज लोक तिकीट काढून अडकित्ते बघतात. शंभर वर्षांपुढच्या, इतिहासाचं मोल असलेल्या वस्तूला १९७२ चा कायदा पुरावस्तू मानतो. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. तुम्ही मात्र वाटणीत वस्तू एकाला दिली आणि तिची हकीकत दुसऱ्याला. मग तराजूला फक्त तांबं दिसलं.”

भावांनी अडकित्ता आणि त्याची नोंद एकाच फडक्यात बांधली. वाटणीच्या कागदावर ‘दोघांचं’ म्हणून लिहिलं.

बोध असा: वस्तू कुणाची, कुठली, कोणत्या प्रसंगाची, हे कळल्याशिवाय तिचं खरं मोल होत नाही. म्हणून आपल्या घरातली जुनी वस्तू जाणकाराला दाखवण्याआधी घासू नका, ओरबाडू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तिच्याबद्दल विचारा, ते सांगतील ते लिहून तिच्यासोबतच ठेवा. मोडी कागद असतील तर आधी वाचून घ्या. “ही वस्तू काय आहे?” हे आधी विचारा; “हिचे किती येतील?” हे त्यानंतर.