धर्माधिकारी आणि विधिमंडळ : बंदीकडून मर्यादेकडे

नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार आणि नवापूर हे चारही विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव असल्याने तेथे उमेदवाराच्या जमातीचा दाखला तपासला जातो; परंतु तो गावदेवाचा पुजारा आहे, कीर्तनकार आहे की चर्चचा पाळक आहे, हे कायदा विचारत नाही. ही मोकळीक आज स्वाभाविक वाटत असली, तरी तिच्यामागे मोठा वैचारिक प्रवास आहे.

जॉन हॉर्न टूक हा दीक्षित पुरोहित ओल्ड सॅरममधून निवडून आल्यावर इंग्लंडने १८०१ मध्ये कायदा करून आपल्या राजमान्य चर्चच्या पुरोहितांना लोकसभागृहाचे दार बंद केले. एकदा घेतलेली पुरोहिताची दीक्षा सुटत नाही आणि पुरोहितवर्गाला स्वतःची वेगळी सभा आहे, या त्यामागच्या धारणा होत्या. १८२९ च्या कायद्याने रोमन कॅथलिकांना संसद खुली केली, पण त्यांच्या पाद्र्यांना वगळले. १९५० मध्ये मॅकमॅनवे या आयरिश पाद्र्याची निवड १८०१ च्या कायद्यामुळे अवैध ठरली आणि ही सर्वसाधारण बंदी २००१ मध्येच उठली. अमेरिकेतील टेनेसी राज्याची अशीच बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये रद्द केली.

भारतीय संविधानाने ही बंदी कधी स्वीकारलीच नाही. विशेष म्हणजे जुन्या हिंदू विधीत संन्यास हा नागरी मृत्यू मानला जाई, म्हणजे संन्याशाचा पूर्वाश्रमीच्या कुटुंबातील वारसाहक्क संपे; तरीही अनुच्छेद १७३ आणि १९१ मधील पात्रता व अपात्रतेच्या अटींत संन्यासाला स्थान नाही. कायद्याने मर्यादा घातली ती प्रचाराला : लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चे कलम १२३ धर्माच्या नावाने मत मागणे हे भ्रष्ट आचरण ठरवते आणि ईश्वरी कोपाची भीती घालणे हा मतदारावरील गैरवाजवी दबाव मानते. याच तत्त्वावर सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये, रामदयाळ विरुद्ध संतलाल या पंजाबातील खटल्यात, नामधारी पंथाच्या सद्गुरूंच्या फर्मानाचा आधार लाभलेल्या उमेदवाराची निवड रद्दच ठेवली. धर्मगुरूला आपली पसंती सांगण्याचा हक्क आहे, पण अनुयायाला निवडीची मोकळीकच उरू नये अशी आज्ञा देण्याचा नाही, हा त्या निकालाचा गाभा होय.

महाराष्ट्रात २०१९ मध्ये गौडगाव मठाचे डॉ. जयसिद्धेश्वर शिवाचार्य महास्वामी सोलापूरच्या अनुसूचित जातींसाठी राखीव जागेवरून लोकसभेत गेले, तेव्हा कायदेशीर वाद झाला तो मठाधिपतीपदाचा नव्हे, जातीच्या दाखल्याचा. फेब्रुवारी २०२० मध्ये पडताळणी समितीने तो अवैध ठरवला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले.

नंदुरबारमध्ये या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे, जमातींच्या आदेशात ती नाही. कार्तिक उराँव विरुद्ध डेव्हिड मुंजनी या लोहारदगाच्या १९६२ च्या निवडणुकीवरील खटल्यात पाटणा उच्च न्यायालयानेही केवळ धर्मांतराने जमात सुटत नाही असे ठरवले. म्हणून भिल्ल किंवा मावची समाजातील ख्रिस्ती पाळकही राखीव जागेवर उभा राहू शकतो. धर्मांतरितांना यादीतून वगळण्याच्या मागणीने हीच स्थिती बदलू पाहिली आहे, आणि ती मान्य झाल्यास पाळकावरील बंदी वेगळ्या वाटेने परत येईल.

धर्माच्या अधिकाराचे बळ या मुलखाला नवे नाही. १९३० च्या दशकात तळोद्याजवळच्या मोरवडचे गुलामहाराज यांनी परस्परांना ‘आप’ म्हणण्याची आणि दारू सोडण्याची शिकवण देऊन सातपुड्याच्या पायथ्याचा आदिवासी समाज मोठ्या संख्येने एकत्र आणला. असा पुरुष उमेदवार झाला, तर त्याला मतदारांपुढे हिशेब द्यावा लागतो. तो पडद्यामागून कौल देतो, तेव्हा हिशेब कोणीच देत नाही. त्यामुळे धर्मगुरूच्या उमेदवारीपेक्षा त्याच्या आदेशावर बंधन घालणारी भारतीय पद्धत इंग्लंडच्या जुन्या बंदीहून अधिक न्याय्य आहे; तिचे मोठे वैगुण्य एवढेच की कलम १२३ चा भंग निवडणूक याचिकेत सिद्ध करावा लागतो आणि ती याचिका निकालानंतरच दाखल करता येते.