राखेतली ओल

जोयडा तालुका म्हटलं की काळी व्याघ्र प्रकल्प आलाच, आणि वाघाच्या गोष्टी आल्याच. आज मी वाघाच्या मावशीबद्दल बोलणार आहे.

नंदिगड्ड्यातल्या आमच्या घरी चिमी आली तेव्हा ओंजळीत मावत होती. त्याला पंधरा पावसाळे झाले. माणसाच्या हिशेबात ती पंचाहत्तरीची म्हातारी. भाताची कणगी आणि माळा ही तिची चाकरी, आणि तिने ती चोख केली.

गेल्या उन्हाळ्यात सूनबाई चुलीमागची राख भरत होती. म्हणाली, “आई, हे राखेचे गोळे बघा केवढाले झालेत!” मांजर राखेत लघवी करतं, वर राख ओढतं, यात नवीन काही नाही. पण पूर्वी लिंबाएवढा गोळा निघायचा, आता बेलफळाएवढा. मी म्हटलं, चैत्राची तहान आहे, पाणी जास्त पीत असेल. मग पाऊस लागला, अंगणात पागोळ्या गळू लागल्या, तरी बाईसाहेब मोरीतल्या बादलीशी बसलेल्याच. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

मांजराला घेऊन गुरांच्या डॉक्टरकडे गेले. पुढे गाभण म्हैस, मागे मी, पिशवीतून डोकावणारी चिमी. लोक हसले, हसू दे. डॉक्टरांनी पोट चाचपलं, रक्त तपासायला लावलं. मूत्रपिंडं थकली होती. ती थकली की लघवी दाट करता येत नाही, अंगातलं पाणी वाहून जातं आणि ते भरून काढायला मांजर पीत राहतं. रक्तात हा दोष नीट दिसेपर्यंत मूत्रपिंडाचं साधारण तीन चतुर्थांश काम गेलेलं असतं म्हणे. आमच्या राखेला आधी कळलं होतं. मलाच वाचता आलं नाही.

मधुमेहातही मांजराची तहान वाढते. आणि म्हातारं मांजर हावऱ्यासारखं खात असूनही वाळत चाललं, तर गळ्यातली थायरॉइडची गाठ बिघडलेली असू शकते.

चिमी कधी कण्हली नाही. मांजर शिकारी खरं, पण इवलंसं; रानात त्यालाही खाणारे आहेत. बिबट्याच्या मुलखात लंगडं दिसणं परवडत नाही. म्हणून ते दुखणं गिळतं. कणगीवर उडी मारायचं तिने सोडलं, तेव्हा आम्ही म्हटलं, आळशी झाली. शेपटीजवळच्या केसांच्या गाठी झाल्या, कारण मान तिथवर वळवून चाटता येईना. एक नख तर वाढून वळलं आणि तळव्यात रुतायला आलं होतं. रोज मांडीवर घेणारी मी, पण पंजा उलटून कधी बघितला नव्हता.

शेजारच्या एकीने मायेनेच सुचवलं, अंग दुखत असेल, तापाची अर्धी गोळी दुधातून दे. ऐकणाऱ्यांनो, हे कधी करू नका. माणसाची पॅरासिटामोल मांजराला विष आहे. एका गोळीनेही जीव जातो.

आता मोरीत, पडवीत आणि चुलीपाशी, अशी तीन ठिकाणी पाण्याची वाडगी असतात. मासळी आली की बांगडा बिनमिठाचा उकडून त्याचं पाणी तिला देते. कणगीला लागून लाकडाचा एक ओंडका ठेवलाय, पायरीसारखा. आणि दर रविवारी सुपारी तोलायच्या काट्याला कापडी पिशवी अडकवून तीत चिमीला बसवते. डोकं तेवढं बाहेर, चेहऱ्यावर घोर अपमान. एके काळी साडेतीन किलो भरायची. या रविवारी पावणेतीन भरली. मागच्या रविवारीही पावणेतीनच होती, म्हणून सूनबाईने शिरा केला.

रात्री माळ्यावर उंदीर धावतात. चिमी एक कान तिकडे वळवते, आणि पुन्हा चुलीच्या उबेला मान टेकते.