रिकाम्या वेळचे टाके

वैशाखाच्या उन्हात गोधडीविषयी लिहिणे काहीसे विसंगत वाटेल. परंतु गोधडीचा हंगाम उन्हाळाच असतो. शेतात काम नसते, ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या गावी परतलेल्या असतात, धुतलेल्या चिंध्या तासाभरात खडखडीत वाळतात आणि पावसाळ्यापूर्वी घरच्या अंथरूण-पांघरुणाची तजवीज करावयाची असते. शिवाय आपल्या उष्ण प्रदेशात गोधडी जितकी पांघरली जाते, त्याहून अधिक ती अंथरली जाते. ती दिवाळीनंतरच्या थंडीत ऊब देते आणि एरवी बारा महिने सारवलेल्या जमिनीचा गारठा व खडबड अंगापासून दूर ठेवते.

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील कडा या गावी माझे एक जुने सहशिक्षक राहतात. २०२२ साली नगरहून आष्टीपर्यंत रेल्वे सुरू झाली आणि वाटेवर कड्याला स्थानक झाले, तेव्हापासून त्यांचे बोलावणे होते. निवृत्तीनंतर आमच्याजवळ वेळच वेळ; तरी जायला मुहूर्त लागला. अखेर मागच्या उन्हाळ्यात आठवडाभर त्यांच्या घरी राहून आलो. त्या आठवड्यात मी काय केले, असे कोणी विचारले तर प्रामाणिक उत्तर हे, की एका बाईंना गोधडी शिवताना पाहिले.

या बाई माझ्या मित्राच्या थोरल्या वहिनी. वय सत्तरीच्या पुढचे. पती निवर्तले त्याला बरीच वर्षे झाली. पहाटे उठून पाणी भरणे, झाडलोट, शेरडांना चारा, भाकरी हे सारे उरकल्यावर, ऊन कलंडेपर्यंत घराबाहेर पाऊल टाकण्याची सोय नसते, त्या चार तासांत त्या पडवीत बसत. खाली एक अखंड जुने लुगडे अंथरलेले, त्याच्या चार कोपऱ्यांवर चार दगड. त्यावर धोतराचे, परकराचे, सदऱ्याचे तुकडे थरांनी मांडलेले आणि वरून पुन्हा एक जुनेर. कडेने धावदोरा घालीत त्या आत आत सरकत. दुसऱ्या दिवशी न राहवून मी त्यांना म्हणालो, “वहिनी, फार सुंदर काम आहे हो.” त्या हसून म्हणाल्या, “कशाचं काम, मास्तर? रिकाम्या येळंला बसते झालं.”

हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलो आहे. माझी आई असेच म्हणे. मात्र या खेपेस ते मला खटकले. पहाटे साडेचारला उठलेल्या बाईच्या दिवसात रिकामा वेळ येतो कोठून? ज्या वेळी इतर कोणतेही काम करता येत नाही अशा वेळी केलेल्या कामाला आपण काम म्हणत नाही, इतकाच त्याचा अर्थ. आणि काम म्हटले नाही म्हणजे त्याचा हिशेब ठेवण्याची जबाबदारीही आपोआप टळते.

त्याच घराच्या बैठकीत काचेच्या चौकटीत पोपटांची एक जोडी भरतकाम करून लावलेली होती. साखळी टाका, गहू टाका, काश्मिरी टाका, सगळे हात आजमावलेले. खाली मित्राच्या मुलीचे नाव व साल. येणारा-जाणारा तिचे कौतुक करी, आणि ते योग्यच होते. पण ज्या गोधडीवर बसून तो कौतुक करी, तिच्यावर कोणाचेही नाव नव्हते. भिंतीवर गेली ती कला आणि जमिनीवर राहिली ती चिंधी, ही वाटणी आपण कधी केली हे मला सांगता येणार नाही. पण वहिनींनाही ती मान्य होती, आणि हेच मला अधिक बोचले.

रात्री अंगणात बसून मित्राने मला थोरल्या भावाची हकिगत सांगितली. ती तुकड्यातुकड्यांनी मला ठाऊक होती. धाकट्याने शिकावे म्हणून भाऊ व वहिनी कितीतरी हंगाम ऊस तोडायला गेली. त्या धंद्यात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ समजला जातो. मुकादमाकडून मिळणारी उचल त्या एका कोयत्यावर ठरते आणि बहुधा ती घेणारा हात पुरुषाचाच असतो. स्त्री उसाच्या मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडीत भरते. त्याआधी पहाटे आणि नंतर रात्री कोपीत चूल पेटवते. या चुलीचा समावेश कोयत्यात होत नाही, तो निराळाही मोजला जात नाही. माझ्या मित्राच्या बी.एड.च्या पदवीत या चुलीचा वाटा किती, हे कोणत्याही गुणपत्रिकेवर आलेले नाही. तो स्वतः हे जाणतो. सांगताना त्याचा आवाज जड झाला होता. “पण आम्ही वहिनीला काय दिलं?” एवढे बोलून तो थांबला.

चौथ्या दिवशी गोधडी पुरी होत आली. मी धीर करून विचारले, “वहिनी, ही मला द्याल का? काय असेल ते मी देईन.” माझ्या मनात, खरे सांगतो, एक चित्र तयार होते. त्या संकोचतील, ‘पैसे कशाचे घ्यायचे’ म्हणतील, मी आग्रहाने काही रक्कम हातावर ठेवीन आणि उभयपक्षी डोळे पाणावतील. वहिनी सुई थांबवून क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “दोन हजार द्या, मास्तर.”

मी चपापलो. बाजारात पाचशे रुपयांत ब्लँकेट मिळते, हे वाक्य माझ्या ओठांपर्यंत आले होते. ते मी गिळले, पण ते आले होते हे नाकारणार नाही. रात्री अंथरुणावर पडून हिशेब केला. होळी झाल्यापासून सुमारे वीस दुपारी त्या या गोधडीला बसल्या होत्या. दररोज चार तास. म्हणजे ऐंशी तास. तासाला पंचवीस रुपये. कापड धरले नाही, दोरा धरला नाही, आणि असे टाके घालायला हाताला जी साठ वर्षे लागली तीही धरली नाहीत. शिकवणीच्या एका तासाला मी काय घेत असे, ते येथे लिहीत नाही.

हिशेबापेक्षा दुसरी गोष्ट मला जास्त सतावीत राहिली. वहिनींनी गोधडी फुकट दिली असती तर मी धर्मग्रामात दहा जणांना सांगितले असते की खेड्यात अजून काय प्रेमळ माणसे आहेत! त्यांनी दाम सांगितला आणि क्षणभर का होईना, माझ्या मनात त्या किंचित उतरल्या. हा कोणता न्याय? दात्याने जे दिले ते अमोल आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्या शब्दात आदर किती आणि आपली सुटका किती? मोल हा शब्द आपण प्रवचनात फार उंचावर नेऊन ठेवला आहे. पण मोलमजुरी आणि मोलकरीण हे शब्दही त्याच्याच घरचे आहेत.

हा प्रश्न केवळ कड्याचा नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला सिद्दी समाज आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेले, अनेक जण पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेले. त्यांच्यात आपले कॅथलिक बांधवही पुष्कळ आहेत. त्यांच्या स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात. तीही कडेपासून आत सरकते, कोपऱ्यांना त्रिकोणी घड्यांची फुले लावतात, आणि कॅथलिक घरची कवंदी असेल तर कधी त्यात क्रूसही दिसतो. हेन्री ड्रेवल या अमेरिकन अभ्यासकाच्या प्रयत्नाने २००४ साली त्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि घरात वापरायच्या वस्तूला बाहेर दाम मिळू लागला. अमेरिकेत अलाबामा राज्यातील जीज बेंड या वस्तीत गुलामांच्या वंशज स्त्रियांनी शिवलेल्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात टांगल्या गेल्या. जाणकारांनी त्यांची तुलना मोठमोठ्या चित्रकारांशी केली. २००७ साली त्यांतील काही वृद्ध स्त्रिया, आपल्याला रास्त मोबदला मिळाला नाही, अशी तक्रार घेऊन न्यायालयात गेल्या. पुढच्या वर्षी ते दावे तडजोडीने मिटले. कौतुक आणि मोबदला एकाच वाटेने चालत येतात असे नाही.

प्रेषितांच्या कृत्यांत यापो गावच्या टबीथेची कथा आहे. ती मरण पावते आणि पेत्र तेथे येतो, तेव्हा विधवा रडत रडत तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवितात. तिच्या स्वभावाचे वर्णन करीत त्या बसत नाहीत, कपडेच पुढे करतात. लहानपणापासून ही कथा मी चमत्कारासाठी ऐकली. त्या कपड्यांकडे माझे लक्ष गेले नव्हते.

येथे माझी एक चूक सांगितली पाहिजे. आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत एक गाठोडे निघाले. जुनी सुती लुगडी, धुऊन, घडी घालून ठेवलेली. काहींना मधला विरलेला भाग काढून दंड घातलेला होता. तिला त्यांची गोधडी शिवायची होती, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. दोन महिन्यांनी दारावर बोहारीण आली. मी ते गाठोडे देऊन स्टीलचा एक डबा घेतला, आणि सौदा चांगला झाला म्हणून पत्नीला दाखविला. डबा अजून आहे. त्यात आम्ही डाळ ठेवतो. तसे सुती कापड आता वहिनींनाही मिळत नाही. त्यांच्या या गोधडीतही निम्म्या चिंध्या नायलॉनच्या साड्यांच्या आहेत. त्यांवरून सुई घसरते आणि उन्हाळ्यात ते कापड अंगाला चिकटते, असे त्याच म्हणाल्या.

निघण्याच्या दिवशी मी वहिनींच्या हातात दोन हजार रुपये दिले. त्यांनी ते मोजून घेतले आणि पदराच्या गाठीला बांधले. मग गोधडीचा एक कोपरा पुन्हा पुढे ओढून तेथे आणखी दोन टाके घातले. तिथला दोरा त्यांना सैल वाटत होता.

घरी पोचल्यावर पत्नीने गोधडी पलंगावर उलगडली. “केवढ्याला?” तिने विचारले. मी आकडा सांगितला. ती काही बोलली नाही. चष्मा लावून कडेच्या एका वितीतले टाके मोजू लागली; सत्तावीस भरले. मग तिने एकूण ओळी मोजायला घेतल्या, आणि मध्येच उठून ती डाळीचा डबा रिकामा करू लागली.