मनातले चित्र आणि हातातले काम

बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावरच्या हिंडलग्याचे नाव निघाले की आधी आठवतो तो तुरुंग. 1932 च्या सुमारास लेखक काकासाहेब कालेलकर तिथे राजबंदी होते. त्यांच्या घराण्याचे बेळगुंदी गाव तिथून जवळच. 1934 साली त्यांचे ‘हिंडलग्याचा प्रसाद’ हे पुस्तक निघाले.

कैदेत लिहिणाऱ्याला मनासारखे ग्रंथ मिळत नाहीत, आणि लिहिलेले बाहेर जाईल की नाही हे दुसराच ठरवतो. मनात योजलेले आणि हाती आलेले यांतले अंतर त्याला चुकवता येत नाही. मोकळ्या माणसालाही ते चुकलेले नाही. मग या अंतराचे करायचे काय?

आपल्याकडे उत्तर तयार असते: गीतेने सांगितलेच आहे, फळाची आशा धरू नये. अपयश आलेल्याच्या पाठीवर हात ठेवून हे म्हटले की विषय संपतो. टिळकांना गीता अशी सांत्वनापुरती मान्य नव्हती. मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात त्यांनी ‘गीतारहस्य’ पेन्सिलीने लिहून काढले. 1914 मध्ये सुटका झाली, पण वह्या लगेच हाती आल्या नाहीत. ग्रंथ छापला गेला 1915 साली. पुढच्याच एप्रिलमध्ये ते बेळगावच्या प्रांतिक परिषदेला आले आणि होमरूल लीग तिथे उभी राहिली. आसक्ती सोडायची, प्रयत्न आणि योजना नव्हे, हा त्यांनी लावलेला गीतेचा अर्थ. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी रविवारच्या प्रवचनांत आणखी पुढचे सांगितले: फलत्यागी माणसाचे काम फलेच्छुकापेक्षा सरस व्हायला हवे, कारण त्याचे सारे लक्ष कामातच असते. साने गुरुजींनी ती प्रवचने उतरवून घेतली, म्हणून ती आज वाचायला मिळतात.

तरीही कलावंताची अडचण उरतेच. नाव, पैसा, टाळ्या ही फळे सोडता येतील. पण आपले गाणे कसे व्हावे याचे मनातले चित्र हे फळ नव्हे, ते त्याचे माप आहे. ते टाकले तर कलाच ढिली पडते.

याचे उत्तर बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेल्या शिवपुत्र कोमकळी, म्हणजेच कुमार गंधर्वांच्या आयुष्यात सापडते. लहानपणी ते मोठ्या गवयांची गाणी हुबेहूब गात. पुढे मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकले. ऐन उमेदीत क्षयाने गाठले. 1948 च्या जानेवारीत ते माळव्यातल्या देवासला गेले. डॉक्टरांनी गाणे बंद केले आणि वर्षे अंथरुणावर गेली. पत्नी भानुमतीबाईंनी सेवा केली, स्ट्रेप्टोमायसिन मिळाले, जीव वाचला. पण एक फुप्फुस निकामी झाले होते. दमसासाचे जे गाणे मनात होते, ते आता गळ्याला झेपणारे नव्हते.

पडल्या पडल्या ते माळव्याच्या बायकांची लोकगीते ऐकत राहिले. त्या धुनांत त्यांना रागांची बीजे दिसली. मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी हे राग त्यातून आले. पुन्हा गायला बसले तेव्हा लहान, तुटक, धारदार स्वरवाक्ये आणि मधली शांतता हेच त्यांच्या गायकीचे बळ ठरले. माप त्यांनी खाली आणले नाही. फक्त ते आधीच्याच गाण्याला लावण्याचा हट्ट सोडला. फलत्यागाचा इतका नेमका अर्थ भाष्यांतही क्वचित सापडतो. (आजाराने कला मोठी होते, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. आजाराने फक्त हिरावून घेतले. मिळवले ते कानांनी आणि कष्टांनी.)

बेळगाव परिसरात कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी इथे मराठी साहित्य संमेलने भरतात. तिथे पहिली कथा-कविता घेऊन येणाऱ्या मुलामुलींना एवढेच सांगावेसे वाटते: लिहून झालेला कागद योजलेल्यापेक्षा उणा वाटला तर फाडू नका. आपण न योजलेले त्यात काय उतरले आहे, ते आधी शोधा आणि मग पुन्हा लिहायला बसा.