तिकीट कोण देतं?

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीबद्दल आपल्याकडे दर चार वर्षांनी भरपूर बोललं जातं, आणि ते बहुतेक वेळा माणसांबद्दल असतं. ट्रम्प असे का वागतात, हिलरी कुठे चुकल्या, बायडन यांचं वय, कमला हॅरिस यांचं चेन्नईचं आजोळ. पक्षांविषयी मात्र फारसं कुतूहल नसतं, कारण पक्ष म्हणजे तिथेही आपल्यासारखंच काहीतरी असणार असं आपण धरून चालतो: वर पक्षश्रेष्ठी, खाली कार्यकर्ते आणि मध्ये तिकिटासाठी दिल्लीच्या फेऱ्या मारणारे इच्छुक. महाराष्ट्रात अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत एबी फॉर्म कोणाच्या हाती पडतो, यावर सख्खे भाऊ वेगवेगळ्या पक्षांत गेलेले आपण पाहिले आहेत. त्या कागदावरची एक सही माणसाला उमेदवार करते आणि ती सही न मिळालेल्याला बंडखोर.

अमेरिकेत तसा कागदच नाही. डेमोक्रॅटिक किंवा रिपब्लिकन पक्षाचा राष्ट्रीय अध्यक्ष कोणाला अध्यक्षपदाचं तिकीट देऊ शकत नाही आणि कोणाचं कापूही शकत नाही. पक्षाचं सदस्यत्व म्हणजे बऱ्याच राज्यांत मतदार नोंदणीच्या अर्जावर केलेली एक खूण, आणि टेक्सास, जॉर्जिया, मिशिगन यांसारख्या राज्यांत तीही लागत नाही. बर्नी सँडर्स सिनेटमध्ये अपक्ष म्हणून बसतात आणि डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी दोनदा लढतात. ट्रम्प २००१ ते २००९ या काळात डेमोक्रॅट म्हणून नोंदलेले होते. न्यूयॉर्कचे माजी महापौर मायकेल ब्लूमबर्ग डेमोक्रॅटचे रिपब्लिकन झाले, मग अपक्ष, मग पुन्हा डेमोक्रॅट. २०२० मध्ये त्यांनी स्वतःचे सुमारे शंभर कोटी डॉलर ओतले आणि अमेरिकन सामोआ हा एक चिमुकला बेटसमूह तेवढा जिंकला. (पैशाने सगळं विकत घेता येतं असं म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावं.) तिथले उमेदवार कसे आहेत यावर वाद घालायला हरकत नाही, पण माझी मुख्य तक्रार पक्षांविषयी आहे. नको त्या माणसाला ‘नाही’ म्हणण्याची ताकद ते हरवून बसले आहेत. गंमत म्हणजे ती कोणी हिसकावून घेतलेली नाही. एका अन्यायाचं परिमार्जन म्हणून एका पक्षाने ती आपण होऊन सोडली.

तो अन्याय १९६८ चा. व्हिएतनाम युद्ध ऐन भरात होतं आणि अध्यक्ष लिंडन जॉन्सन पुन्हा उभे राहणार हे सगळे धरून चालले होते. १२ मार्चला न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी राज्यात होणाऱ्या मतदानात, युद्धविरोधी सिनेटर यूजीन मॅकार्थी यांना ४२ टक्के मतं पडली. जॉन्सन तिथे जिंकले होते, पण असं जिंकणं म्हणजे हरणंच होतं. चार दिवसांनी रॉबर्ट केनेडी रिंगणात उतरले आणि ३१ मार्चला दूरदर्शनवरच्या भाषणाच्या शेवटी जॉन्सन यांनी आपण उभे राहणार नसल्याचं जाहीर केलं. ४ एप्रिलला मार्टिन लूथर किंग यांची हत्या झाली. जूनच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाची प्रायमरी जिंकल्याच्या रात्रीच केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या.

या सगळ्या काळात उपाध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री एकाही प्रायमरीत उतरले नव्हते. त्यांना गरजही नव्हती. पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे बहुतेक प्रतिनिधी राज्यांतल्या पक्षनेत्यांच्या मुठीत होते, आणि हे नेते कोण, तर शिकागोचे महापौर रिचर्ड डेली यांच्यासारखे, मतदारयाद्या आणि नोकऱ्या दोन्ही हातात ठेवणारे. ऑगस्टमध्ये त्याच शिकागोत अधिवेशन भरलं. बाहेर पोलिसांनी युद्धविरोधी तरुणांना बडवून काढलं, आत सिनेटर रिबिकॉफ यांनी व्यासपीठावरून त्या पोलिसी वर्तनाची तुलना गेस्टापोशी केली आणि समोर बसलेले डेली संतापून ओरडले. हे सगळं देशाने घरी बसून पाहिलं. प्रायमरीतली बहुसंख्य मतं युद्धविरोधी उमेदवारांना पडली होती, उमेदवारी मात्र हम्फ्रींना मिळाली. नोव्हेंबरमध्ये निक्सन एका टक्क्याहूनही कमी फरकाने जिंकले. वर्णभेदाचा उघड पुरस्कार करणारे जॉर्ज वॉलेस तिसरे आले, पण साडेतेरा टक्के मतं घेऊन.

हम्फ्री माणूस म्हणून वाईट नव्हते. १९४८ च्या अधिवेशनात कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी ठाम उभे राहिलेले तेच. पण जॉन्सनच्या सावलीतून बाहेर यायला त्यांना सप्टेंबरचा शेवट उजाडावा लागला. पक्षनेत्यांनी निवडलेल्या उमेदवाराची ही नेहमीची अडचण: ज्यांनी उभं केलं त्यांच्यापासून अंतर ठेवता येत नाही.

या लाजिरवाण्या प्रकरणानंतर पक्षाने सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न आणि नंतर डोनाल्ड फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. प्रतिनिधी उघडपणे निवडा, स्त्रिया, तरुण आणि कृष्णवर्णीयांना त्यांच्या प्रमाणात जागा द्या, असे नियम त्याने घातले. हे नियम पाळायचे तर सरळ प्रायमरी घेणं सोपं, असं बहुतेक राज्यांच्या लक्षात आलं. त्यासाठी राज्यांनी कायदे केले आणि ते रिपब्लिकनांच्याही गळ्यात पडले. १९७२ मध्ये या नव्या वाटेवरून उमेदवारीपर्यंत पहिला पोचला तो नियम लिहिणारा मॅकगव्हर्नच! डेलींच्या गटाचे इलिनॉयमधले प्रतिनिधी मतदारांनी निवडून दिलेले होते, तरी प्रमाणाचा नियम मोडला म्हणून त्यांना अधिवेशनातून बाहेर काढलं गेलं. चार वर्षांपूर्वी मतदारांना डावलणारे डेली आता मतदारांचा कौल डावलला म्हणून तक्रार करत होते. वादावादी इतकी लांबली की मॅकगव्हर्न यांचं स्वीकृतीचं भाषण पहाटे तीनच्या सुमारास झालं, लोक झोपल्यावर. पुढे उपाध्यक्षपदाचा उमेदवार बदलावा लागला आणि शेवटी ५० पैकी ४९ राज्यं हातची गेली.

यानंतर पक्षाने अधूनमधून थोडी सूत्रं परत घेण्याचा प्रयत्न केला. १९८४ पासून नेतेमंडळींना ‘सुपरडेलिगेट’ म्हणून आपोआप मत मिळू लागलं. प्रायमरीतून सर्वांत जास्त प्रतिनिधी मिळवलेल्याला त्यांनी कधीही पाडलं नाही, तरी २०१६ मध्ये सँडर्स समर्थकांनी त्यांच्या नावाने इतका शंख केला की २०१८ मध्ये पहिल्या फेरीतला त्यांचा मताधिकार काढून घेण्यात आला. वापर नसलेलं हत्यारही म्यान झालं.

रिपब्लिकनांची कथा जास्त बोधक आहे, कारण त्यांना धोका दिसत होता. २०१२ च्या पराभवानंतर पक्षाने एक मोठा अहवाल तयार केला. स्थलांतरितांबाबत सुधारणा करा, लॅटिनो मतदारांना आपलंसं करा, असा त्याचा मार्च २०१३ मधला सूर. दोन वर्षांनी ट्रम्प यांनी प्रचाराची सुरुवात केली ती बरोबर उलट्या टोकापासून. सतरा उमेदवार रिंगणात होते. जेब बुश यांच्यासाठी देणगीदारांनी दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी केली होती. पक्षाला खरी भीती होती ती ट्रम्प अपक्ष उभे राहून मतं फोडतील याची. म्हणून सप्टेंबर २०१५ मध्ये पक्षाचे अध्यक्ष राइन्स प्रीबस स्वतः ट्रम्प टॉवरमध्ये गेले आणि जो उमेदवार होईल त्याला पाठिंबा देईन अशा हमीपत्रावर त्यांची सही घेऊन आले. आपल्याकडे इच्छुक पक्षकार्यालयाच्या पायऱ्या झिजवतो, तिथे पक्षाध्यक्ष इच्छुकाच्या दारी गेला. त्या हमीपत्राने ट्रम्प कधी बांधले गेले नाहीत, बांधले गेले ते उरलेले सोळा जण.

पुढचं गणित साधं होतं. दक्षिण कॅरोलायनात ट्रम्प यांना साडेबत्तीस टक्के मतं पडली आणि सगळेच्या सगळे ५० प्रतिनिधी मिळाले. उरलेले सदुसष्ट टक्के पाच जणांत वाटले गेले, आणि प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याने माघार घ्यावी. २०१२ चे उमेदवार मिट रॉम्नी यांनी मार्चमध्ये जाहीर भाषण करून ट्रम्प यांच्यावर सडकून टीका केली. फरक पडला नाही. रॉम्नी कोण? त्यांच्या हातात देण्यासारखं काय होतं, आणि काढून घेण्यासारखं तरी काय? संपूर्ण प्रायमरीत ट्रम्प यांना सुमारे १ कोटी ४० लाख मतं मिळाली, पक्षात पडलेल्या एकूण मतांच्या निम्म्याहून कमी. तेवढी पुरली.

एकदा उमेदवार पक्षापेक्षा मोठा झाला की जाहीरनाम्याचीही गरज उरत नाही. २०२० मध्ये रिपब्लिकन पक्षाने नवा जाहीरनामा काढलाच नाही. जुनाच पुढे चालू ठेवला आणि अध्यक्षांच्या धोरणांना पाठिंबा देणारा ठराव केला. मार्च २०२४ मध्ये पक्षाच्या राष्ट्रीय समितीच्या सहअध्यक्षपदी लारा ट्रम्प आल्या, ट्रम्प यांच्या सूनबाई. घराणेशाहीवर आपण मराठी माणसांनी अमेरिकेला काही शिकवायचं बाकी राहिलेलं नाही.

आता कोणी म्हणेल, निदान ६ जानेवारी २०२१ ला ट्रम्प समर्थकांनी संसदेवर हल्ला केल्यानंतर तरी पक्षाला संधी होती. होती. प्रतिनिधीगृहातल्या दहा रिपब्लिकनांनी ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाच्या बाजूने मत दिलं. सिनेटमध्ये ५७ मतं दोषी ठरवण्याच्या बाजूने पडली, त्यात सात रिपब्लिकन होते, आणि हवी होती ६७. त्या दहांचं पुढे काय झालं ते पाहावं. चौघे पुन्हा उभेच राहिले नाहीत, चौघे आपल्याच पक्षाच्या प्रायमरीत हरले. माजी उपाध्यक्षांची कन्या लिझ चेनी वायोमिंगमध्ये २०२२ साली सदतीस टक्क्यांच्या आसपास फरकाने पडल्या. पुढच्या निवडणुकीनंतर त्यांपैकी दोघेच सभागृहात उरले. प्रायमरीचा हा दुसरा उपयोग आपल्याकडे फारसा चर्चिला जात नाही: तिथे पक्षशिस्त पक्ष लावत नाही, गावोगावचा चिडलेला मतदार लावतो, आणि तोही जेमतेम एक पंचमांश बाहेर पडलेला.

डेमोक्रॅटांना यातून फार बरं म्हणावं असं नाही. २०२४ मध्ये विद्यमान अध्यक्ष ८१ वर्षांचे होते आणि त्यांच्याच मतदारांना त्यांच्या वयाची काळजी होती. पक्षाने काय केलं? प्रायमरीचं वेळापत्रक बदलून बायडन यांना अनुकूल असलेलं दक्षिण कॅरोलायना पुढे आणलं, वादसभा घेतल्या नाहीत, फ्लोरिडात तर एकच नाव देऊन मतदानच टाळलं. (ट्रम्प यांच्यासाठी रिपब्लिकनांनी २०२० मध्ये काही राज्यांत हेच केलं होतं, तेव्हा डेमोक्रॅटांनी नाकं मुरडली होती.) २७ जूनला अटलांटामधल्या वादात बायडन यांची जी अवस्था दिसली, ती त्यांच्या जवळच्यांना नवी असेल यावर माझा विश्वास नाही. त्यानंतर ८ जुलैला बायडन यांनी आपल्या खासदारांना पत्र लिहिलं. मला १ कोटी ४० लाख मतदारांनी निवडलं आहे, प्रायमरीतली ८७ टक्के मतं माझी आहेत, आता हा निर्णय पत्रपंडित आणि देणगीदारांनी फिरवायचा का, असा त्याचा रोख होता. आठ वर्षांपूर्वी ट्रम्प यांच्यामागे जवळजवळ तेवढाच आकडा होता. तिकडे तो खुल्या झुंजीतून आला होता. इकडे मतदारापुढे खरा पर्यायच ठेवलेला नव्हता, आणि आता त्याच मतदाराची ढाल पुढे केली जात होती.

२१ जुलैला बायडन बाजूला झाले. दोन दिवसांच्या आत कमला हॅरिस यांना पुरेशा प्रतिनिधींचा पाठिंबा मिळाला. २०२० ची शर्यत त्यांनी पहिलं मत पडण्याआधीच सोडली होती, म्हणजे अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी झालेल्या प्रायमरीत त्यांच्या बळाची परीक्षा कधी झालीच नव्हती. ऑगस्टचं अधिवेशन पुन्हा शिकागोत, आणि पुन्हा एकही प्रायमरी न लढलेली उपाध्यक्ष उमेदवार. हम्फ्रींप्रमाणेच त्यांनाही आपण विद्यमान अध्यक्षांपेक्षा वेगळं काय केलं असतं हे सांगता येईना. नोव्हेंबरमध्ये ट्रम्प ३१२ विरुद्ध २२६ असे जिंकले. पक्षाने ‘नाही’ म्हटलं खरं, पण आपल्याच माणसाला, आणि प्रचाराला १०७ दिवस उरले असताना. हेच ‘नाही’ २०२२ च्या डिसेंबरात बंद खोलीत म्हटलं असतं तर खुली स्पर्धा झाली असती, आणि त्यातून हॅरिसच पुढे आल्या असत्या तरी त्या अधिक तयारीच्या असत्या. बंद खोलीचा मी सरसकट भक्त नाही, पण प्रत्येक बंद खोली डेलींची नसते.

प्रायमरीच्या या व्यवस्थेचा एक धागा आपल्या मराठी मुलखापर्यंत येतो. बेळगावच्या मातीतले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले, स्वतःच्या खिशातले कोट्यवधी डॉलर घेऊन, आणि तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉइटमधून ते काँग्रेससाठी उभे राहिले. नऊ जणांच्या प्रायमरीत त्यांना सुमारे २८ टक्के मतं मिळाली, आणि तो मतदारसंघ इतका डेमोक्रॅटिक की खरी निवडणूक तिथेच संपली. आपल्या वृत्तपत्रांत अभिमानाच्या बातम्या आल्या. कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेल्या डेट्रॉइटला जवळजवळ सत्तर वर्षांत प्रथमच काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही, कारण त्यांची मतं अनेक जणांत विभागली गेली, ही बाजू त्या बातम्यांत क्वचितच होती. ठाणेदारांनी नियमाबाहेरचं काही केलं नाही. दक्षिण कॅरोलायनात ट्रम्प यांना ज्या गणिताने तारलं, तेच इथेही चाललं, आणि त्याबद्दल मराठी म्हणून सुखावताना हे ठाऊक असावं एवढंच.

आपल्याकडे याचं उलटं टोक आहे. इथे श्रेष्ठींच्या ‘नाही’ला अपील नाही, म्हणून नाराजांना सबंध पक्षच उचलून न्यावा लागतो, २०२३ मध्ये शिवसेनेचं आणि २०२४ मध्ये राष्ट्रवादीचं नाव आणि चिन्ह निवडणूक आयोगाच्या निकालाने कुठून कुठे गेलं ते आपण पाहिलं. ट्रम्प यांना त्यासाठी आयोगाकडे जावं लागलं नाही. पक्षाचं दार उघडंच होतं, ते आत आले आणि यजमान झाले.

सध्या डेमोक्रॅटिक पक्षात २०२८ साठी पहिली प्रायमरी कोणत्या राज्यात घ्यायची यावर खल चालू आहे. आयोवा, न्यू हॅम्पशायर, दक्षिण कॅरोलायना, नेवाडा, प्रत्येकाचे वकील तयार आहेत. पुढचा एखादा अध्यक्ष ऐंशीच्या घरात पुन्हा उभा राहू लागला, तर त्याच्याकडे जाऊन बोलायचं कोणी आणि कोणत्या अधिकाराने, हा विषय मात्र कुठल्याही समितीच्या कार्यक्रमपत्रिकेवर दिसत नाही.